चौकोनी वही इतक्या लवकर काढून घेऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भांडुपला मी प्राथमिकच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. घटक चाचणीचे पेपर घरी आले, की काही मुलांच्या पेपरवर ‘निष्काळजीपणा’ हा शेरा ठरलेला असतो. त्याबद्दल लिहायचे आहे.

४७ गुणिले २३ हे गणित घ्या. पाढे तोंडपाठ असलेले मूल १४१ आणि ९४ बरोबर काढते, पण ९४ लिहिताना एक घर डावीकडे सरकत नाही आणि उत्तर १०८१ ऐवजी २३५ येते. तेच गणित तोंडी विचारले, तर मूल एकेक पायरी नीट सांगते. पालक चष्म्याच्या दुकानात नेतात, तिथे नजर ६/६ निघते आणि मग ओरडा बसतो तो मुलालाच. खरे तर डोळ्यांना दिसलेल्या आकड्यांची जागा, दिशा आणि क्रम मेंदू लावतो. अडचण तिथे असली, तर चष्म्याचा उपयोग नाही. अशी मुले ३ आणि ६ उलटसुलट करतात, फळ्यावरून उतरवताना त्यांची एखादी ओळ गळते, गच्च भरलेल्या पानावर ती गोंधळतात. सेमी-इंग्रजीत भर म्हणजे आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो!

पहिली-दुसरीत चौकोनी वही असते. पुढे ती जाते आणि एकेरी वही येते, तीही नेमकी मोठे गुणाकार-भागाकार सुरू होतात तेव्हा. ज्या मुलाला एकक-दशकाच्या उभ्या रांगा नजरेने धरता येत नाहीत, त्याचा आधार ऐन गरजेच्या वेळी काढला जातो. हे मला फार खुपते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, त्यात डिसकॅल्क्युलियाचे, म्हणजे आकडे आणि गणित शिकण्यातल्या अक्षमतेचे, नावही आहे. सायन, नायरसारख्या रुग्णालयांत तपासणी होते आणि प्रमाणपत्र मिळाले, तर दहावीला सवलती मिळतात. पण बहुतेक पालक त्या वाटेला लागतात आठवी-नववीत. तोवर गणित आपल्याला येतच नाही, हे मुलाने मनाशी पक्के केलेले असते. शिवाय आकड्यांची जागा आणि क्रम लावण्याची अशी अडचण असलेले प्रत्येक मूल डिसकॅल्क्युलियाचे नसते. त्याला प्रमाणपत्र मिळणार नाही, मदत मात्र हवीच.

पालकांना एक विनंती. डोळ्यांचे व्यायाम करून अभ्यास सुधारेल, असे सांगणाऱ्या महागड्या कोर्समध्ये पैसे घालू नका. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्त निवेदनात सांगितले आहे, की अध्ययन अक्षमतेवर अशा व्यायामांचा उपयोग होतो याला पुरावा नाही.

शाळांकडे मागणे साधे आहे. ‘निष्काळजीपणा’ लिहिण्याआधी तेच गणित मुलाला एकदा तोंडी विचारा. एका पानावर थोडीच गणिते द्या. जूनमध्ये वह्यांची यादी निघते, तेव्हा चौथी-पाचवीच्या यादीतही चौकोनी वही राहू द्या आणि मुलाने मागितला तर परीक्षेतही चौकटींचा कागद द्या. त्यासाठी कुठल्याही प्रमाणपत्राची अट घालू नका.

– एक शिकवणी शिक्षिका, भांडुप (पूर्व), मुंबई