पत्र लिहा, पण कागद मोजून

मा. संपादक, स. न.

राखीच्या निमित्ताने अनेकजण पुन्हा हाताने पत्र लिहितात, हे छानच. मात्र खुशालीचं पत्र वाटेत रखडतं ते क्षुल्लक चुकांनी. साध्या पाकिटाची पहिली वजनमर्यादा २० ग्रॅम. ए-४ चा नेहमीचा ७५ जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम) कागद पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे तीन कागद आणि पाकीट बसतं, चौथा घातला की तिकीट कमी पडतं. मग पत्र ‘नॉटपेड’ होतं नि कमी पडलेल्या रकमेची दुप्पट आपल्या मावशीकडून वसूल होते!

अंतर्देशीय पत्रात तर फोटो किंवा राखी, काहीच घालायचं नसतं. त्याच्या कडेला डिंक असतोच. वरून आणखी चोपडला तर तो आत पसरतो, आणि उघडताना नेमकी ‘कळावे, लोभ असावा’ची ओळ फाटते. कडेला बोटभर जागा कोरी सोडावी. पावसाळ्यात पत्ता शाईपेनाने नको, बॉलपेनच बरं. सहा आकडी पिनकोड १९७२ पासून आहे, तरी तो गाळून ‘मारुती मंदिरामागे’ एवढंच लिहिणारे आहेतच. मंदिराची खूण जरूर लिहावी, पिनकोडसह.

– एक वाचक