पाणझाडूची भोके लहानच हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फरसबंद अंगण धुण्यासाठी हल्ली अनेक जण घरीच पीव्हीसी पाइपचा पाणझाडू (ओळीने भोके पाडलेला आडवा पाइप, त्यातल्या धारा कचरा ढकलतात) करतात. त्यात हमखास होणारी चूक म्हणजे 'भोके मोठी, तर जोर मोठा' हा समज. ५ मिमीची १० भोके मिळून १९६ चौ. मिमी होतात, अर्ध्या इंची नळीचे तोंड जेमतेम १२७. मग पाणी नुसते ओघळते. २ मिमीची १० भोके पाडा, बेरीज ३१ चौ. मिमी. दाब पाइपात टिकतो आणि धार सुटते.

पाऊण इंची पाइप ६० सेंमी, मधोमध नळी जोडायला टी (तीन तोंडांचा जोड), टोकांना आट्यांची टोपणे (कचरा काढायला ती उघडता यायला हवीत). भोके एका रेषेत, ६ सेंमी अंतराने. भोक पाडताना आत उरलेली खरखरीत कड कानशीने काढा, नाहीतर धार फाटते. पाइप जमिनीपासून ४-५ सेंमी वर, धारा पुढे तिरप्या. सरळ खाली मारल्यास चिखल चौफेर उडतो.

टाकी ५ मीटर उंच असेल तर धारेचा वेग फार तर सेकंदाला १० मीटर. त्यातला बराचसा लांब, अरुंद नळी खाते. तितक्याच प्रवाहाला पाऊण इंची नळीत घर्षण सुमारे सातपट कमी. पंपापेक्षा हा बदल स्वस्त!

बोअरच्या पाण्याने भोके क्षाराने बुजतात. ती सुईने मोकळी करावीत. पाणी मिनिटाला साधारण १० लिटर लागते, म्हणून सुका पाचोळा आधी खराट्यानेच काढावा.

– एक वाचक