ट्रान्सप्लांटनंतर तोंडही तपासा

मा. संपादक,

माझ्या धाकट्या भावाचं रक्ताच्या कॅन्सरसाठी मुंबईत स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालं, डोनर मीच, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी माझ्या. कॅन्सर आटोक्यात आला, घरी सगळे म्हणाले सुटलो एकदाचे. पण काही महिन्यांनी त्याच्या गालांच्या आतून पांढऱ्या रेषांची जाळी दिसायला लागली, जिभेवर जखमा, आणि हुमण (माशांची आमटी) तर सोडाच, कोमट पेज गिळतानाही डोळ्यांत पाणी, पुदिन्याच्या टूथपेस्टने तर नुसती आग आग. इथे गोव्यातल्या एका क्लिनिकात तोंड आलंय म्हणून बी-कॉम्प्लेक्स दिलं आणि वर गुटखा खातोस का असं विचारलं, ज्याने आजवर सुपारीला हात लावला नाही त्याला!

हा क्रॉनिक जीव्हीएचडी (ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज), ट्रान्सप्लांटनंतर होणारा दीर्घकाळचा आजार. डोनरच्या पेशी पेशंटच्याच शरीराला परकं समजून त्याच्यावर उठतात, आणि तोंडात हा त्रास बऱ्याच जणांना होतो. लाळ आटते, मग दात हिरडीजवळ किडतात, बुरशी धरते, काहींचं तोंडच नीट उघडत नाही. सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे अशा पेशंटना पुढे कित्येक वर्षांनीही तोंडाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून दुखत नसलं तरी तोंड नियमित तपासून घ्यायलाच हवं.

उपाय आहेत हो. भावाला स्टेरॉइडच्या औषधाने चूळ भरायला दिलीय, गाल फुगवून घड्याळाकडे बघत चार-पाच मिनिटं तोंडात धरतो आणि थुंकतो, गिळायचं नाही. दातांसाठी फ्लोराइड. त्याने आता जेवण बरंच जातं, पण तिखट आणि सोलकढी अजून बंदच.

गोव्यातून ट्रान्सप्लांटला बाहेर गेलेले पेशंट शेवटी इथेच परत येतात आणि तोंड दुखलं की आधी गावातल्या डेंटिस्टकडेच जातात. तेव्हा डेंटिस्टांना विनंती, अशा पेशंटचा दात काढण्याआधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरना एक फोन करा, या लोकांची प्रतिकारशक्ती औषधांनी कमी केलेली असते, कधी रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्सही कमी असतात. गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि डेंटल कॉलेज दोन्ही बांबोळीतच आहेत, तर दोघांनी मिळून या पेशंटसाठी ठराविक दिवस ठेवावा, म्हणजे पेडणे-काणकोणच्या माणसाला नुसतं तोंड दाखवायला मुंबई गाठावी लागणार नाही. आरोग्य खात्याने हे एवढं मनावर घ्यावं.

– एक डोनर बहीण, डिचोली