सरांच्या आठवणीसाठी २८ फेब्रुवारीला जमूया

सर्व माजी विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, आपल्या विज्ञानाच्या सरांना जाऊन वर्ष होत आहे. त्यानिमित्त २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, दुपारी चार वाजता शाळेच्या प्रयोगशाळेत जमायचे आहे. हा दिवस सरांच्या पत्नींनी, म्हणजे बाईंनीच, सुचवला. रामन यांनी १९२८ साली याच तारखेला लावलेल्या शोधाची गोष्ट सर दरवर्षी तितक्याच उमाळ्याने सांगत.

भाषणे नकोत, प्रयोग करू. हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी टाकली की तो लाल होतो, हे सरांनी घरच्याच हळदीने दाखवले होते. २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणात गाव दारे लावून बसला होता, तेव्हा फणसाखाली उमटलेल्या सूर्याच्या कोरी त्यांनी आपल्याला आणि स्वतःच्या दोन्ही मुलींना मोजायला लावल्या. आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बाईंच्या मागून पिशव्या घेऊन चालणारे सर कोणी पाहिले नाहीत?

बाई आणि मुली येणार आहेत. सरांच्या लाल शाईचे शेरे असलेल्या प्रयोगवह्या, जुने फोटो असतील तर जरूर आणा. हार-तुरे आणू नयेत. त्या पैशांत शाळेला परीक्षानळ्या घेऊ. येणाऱ्यांनी २० तारखेपर्यंत नाव कळवावे.

– चिटणीस, माजी विद्यार्थी मंडळ