कृषी सहायक ताईंचे आभार
गेल्या खरिपात घरचे सोयाबीन नीट उगवलेच नाही आणि उसनवारी करून आम्हाला दुबार पेरणी करावी लागली. यंदा गावात आलेल्या कृषी सहायक ताईंनी पेरणीपूर्वी १०० दाणे मोजून घेतले, ते ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून गुंडाळी करून ठेवायला लावले आणि सातव्या दिवशी, रविवार असूनही, त्या स्वतः मोजणीला आल्या. कोंब ६४ निघाले. उगवण ७० टक्क्यांहून कमी असेल तर बियाणे वाढवावे लागते, म्हणून एकरी ३० ऐवजी ३३ किलो पेरावे, हे त्यांनी अक्षरओळख नसलेल्या माझ्या आईला, तिच्याशेजारी जमिनीवर बसून, तिच्याच हाताने कोंब पुन्हा मोजवून समजावले. चहा मात्र निवूनच गेला. आता आई शेजारणींचेही बियाणे तपासून देते. ताई, आम्ही सारे आपले मनःपूर्वक आभारी आहोत.