माझ्या अण्णांच्या कीर्तनाला कुलूप कोणी लावले?

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

वडिलांच्या कीर्तनाच्या फायली कॉम्प्युटरवर उघडत नाहीत, म्हणून मी प्लेअर सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन केला. "सात दिवसांत फोन येईल" असे तिथल्या हेल्पलाइनवरच्या मुलीने सांगितले, त्याला आज तीन महिने झाले. फोन आला नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, रामनवमीच्या नवरात्रात पंचवटीत कीर्तन करायचे. १९९४ साली मी टेपरेकॉर्डर समोर ठेवून नऊही दिवसांचे कीर्तन टेप केले. दहा वर्षांनी कॅसेटींना बुरशी धरू लागली, तेव्हा पदरचे पैसे घालून अठरा सीड्या करून घेतल्या आणि त्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. ज्या प्लेअर सॉफ्टवेअरमधून उतरवल्या, त्याच्या सेटिंगमध्ये 'कॉपी संरक्षण' अशी एक चौकट होती आणि तिच्यात आधीपासूनच बरोबरची खूण केलेली होती. मला कोणी विचारले नाही. त्या चौकटीमुळे प्रत्येक फाइलला कुलूप लागले आणि किल्ली त्या एकाच मशीनला बांधली गेली. हे मला कळले यंदाच्या जूनमध्ये, मदरबोर्ड जळाल्यावर.

सीड्या २०१९च्या ऑगस्टमध्ये गेल्या. पुरात दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली त्या दिवशी आमच्या खालच्या खोलीत गोदावरीचे पाणी शिरले आणि पेटीचा चिखल झाला. तरी मी निर्धास्त होतो, कारण कॉम्प्युटर माडीवर होता.

एम. जी. रोडवरच्या दुरुस्तीवाल्या मुलाने हार्ड डिस्क काढून नव्या मशीनला जोडली. डिस्क शाबूत आहे. चोपन्न फायली दिसतात, नावासकट, मिनिटांसकट. 'रामजन्म, भाग २' वर दोनदा क्लिक केले की उत्तर येते, परवाना सापडत नाही. त्या भागात पूर्वरंग संपताना मागून आईचा आवाज येतो, "समई विझतेय, बघा कोणीतरी." आई जाऊन सोळा वर्षे झाली. तिचा आवाज आमच्याकडे तेवढाच आहे, चार शब्दांचा.

मंत्रिमहोदय, बोलणारे माझे वडील, टेप करणारा मी. मग परवाना मी कोणाकडे मागायचा? हेल्पलाइन म्हणते, ती सोय आता बंद झाली. सोय बंद केली तशी कुलपे का नाही काढली?

दुरुस्तीवाला मुलगा म्हणाला, "काका, हे तोडता येतं असं ऐकलंय, पण मी हात लावणार नाही." मी त्याला दोष देत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ घातले गेले. हक्क बुडवण्याच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. माझा तसा हेतू नाही, त्यामुळे मी गुन्हेगार ठरत नाही, हे मी कलम चार वेळा वाचून समजून घेतले. पण मला मदत करणाऱ्याने माझे नाव, पत्ता आणि कशासाठी तोडले याची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असे त्याच कलमात आहे. कुठला गल्लीतला दुकानदार ही वही ठेवणार आहे? आणि ज्याने कुलूप लावले त्याने किल्ली जपावी, निदान दुकान बंद करताना ती द्यावी, असा एक शब्द त्या कलमात नाही. तोडणाऱ्याला शिक्षा, लावणाऱ्यावर काहीच बंधन नाही. माझे भांडण याच्याशी आहे.

ही कुलपे चोरून प्रती काढणाऱ्यांना रोखायला म्हणून लावतात. पण चोर तरी थांबला का? डीव्हीडीचे कुलूप १९९९ साली फुटले. कॉम्प्युटर आणि टीव्ही यांच्यामधल्या केबलवर जो एचडीसीपी नावाचा, नक्कल रोखणारा पहारा असतो, त्याची मूळ किल्ली २०१० साली जगजाहीर झाली. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टाने तर हा पहारा ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातच बसवला. ग्राफिक्स कार्डापासून मॉनिटरपर्यंत प्रत्येकाने ओळख पटवायची, नाही पटली तर चित्र धूसर करायचे किंवा अडवायचे. चोरांनी आपली वाट काढली. अडकला तो पैसे भरणारा. माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात गच्चीवर जुना प्रोजेक्टर लावला, वर्षाचे पैसे भरलेल्या अ‍ॅपवर मॅच लावली. समालोचन ऐकू येत होते, पडदा काळा. पोरे अर्धा तास केबल काढून फुंकर मारून पुन्हा लावत होती.

२००५ साली सोनी बीएमजीने गाण्यांच्या सीडीतून लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये लपणारे सॉफ्टवेअर घुसवले. २००९ साली अ‍ॅमेझॉनने विकलेली पुस्तके ग्राहकांच्या किंडल या वाचनयंत्रातून परस्पर पुसली. आपण विकत घेतो म्हणजे नेमके काय घेतो, हे 'खरेदी करा'च्या बटणावर तरी लिहा ना! कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून तसा कायदा आहे, मालकी देत नसाल तर परवानाच देतोय हे स्पष्ट सांगावे लागते. आपल्याकडे काय अडले आहे?

मी सरकारी पोर्टलवर तक्रार केली. अकराव्या दिवशी 'निकाली' असा शेरा आला. कॉपीराइट वाणिज्य मंत्रालयाकडे, कॉम्प्युटर माहिती-तंत्रज्ञानाकडे, ग्राहक आपल्याकडे. माणूस मात्र एकच असतो हो, आणि त्यालाच तीन दारांवर उभे करता. टाळ्या वाजवून 'डिजिटल व्हा' म्हणायला सगळे पुढे, डिजिटल झालेल्याचे बुडाले की खिडकी बंद.

आम्ही नाशिककर. दादासाहेब फाळक्यांची कंपनी याच गावात होती, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. त्यांचे बहुतेक मूकपट आज नाहीत, कारण प्रती उरल्या नाहीत. ज्याची प्रत निघते तेच टिकते. प्रत काढणारा प्रत्येकजण चोर, हे आधी मनातून काढा.

कुलूप लावणाऱ्याने सेवा बंद करताना किल्ली दिलीच पाहिजे, आणि घरच्या रेकॉर्डिंगला मालकाला विचारल्याशिवाय कुलूप लावता कामा नये, एवढे कायद्यात आणा.

ताई चांदवडला असते. दर रविवारी फोन करते, "लागलं का रे अण्णांचं?" तिला काय सांगू, ते मला लेखी कळवा.

आपला,
पंचवटीतला एक ग्राहक, नाशिक