लहान महाविद्यालयाचे वेगळेपण कशात शोधावे?

महोदय,

प्रवेशाचे दिवस जवळ आले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत लहान महाविद्यालयांच्या जाहिराती झळकू लागतात आणि त्यांचा मजकूर इतका सारखा असतो की, नाव झाकल्यास संस्था ओळखता येऊ नये. वैयक्तिक लक्ष, कौटुंबिक वातावरण, निसर्गरम्य परिसर. हे दावे खोटेच असतात असे नाही. परंतु जे सगळेच सांगतात त्यावरून विद्यार्थ्याला निवड करता येत नाही. लहान महाविद्यालय पारखताना माझ्या मते एक प्रश्न सर्वांत आधी विचारावा: इथे प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला, आवड असो वा नसो, कोणती गोष्ट करावीच लागते?

अमेरिकेतील रीड कॉलेजमध्ये या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात मिळते. तिथे शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो आणि तोंडी परीक्षेत त्याचे समर्थन करावे लागते. नियम सर्वांना असल्यामुळे प्रत्येकाला मार्गदर्शक पुरवणे संस्थेलाही चुकत नाही, आणि ‘वैयक्तिक लक्ष’ हे आश्वासन न राहता वेळापत्रकाचा भाग होते. सेंट जॉन्स कॉलेजने १९३७ मध्ये विशेष विषय निवडण्याची पद्धतच सोडून दिली; गणितापासून तत्त्वज्ञानापर्यंतचे मूळ ग्रंथ सर्वांनी वाचायचे आणि चर्चेतून शिकायचे, असा तिथला क्रम आहे. कोलोरॅडो कॉलेजात १९७० पासून एका वेळी एकच विषय सुमारे साडेतीन आठवडे शिकवला जातो. दुसऱ्या तासाची आडकाठी नसल्याने भूशास्त्राचा वर्ग कित्येक दिवस डोंगरातच भरवता येतो.

यांहून टोकाचे उदाहरण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी खोऱ्यातील डीप स्प्रिंग्ज कॉलेजचे आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या दोन वर्षांच्या महाविद्यालयात एकूण विद्यार्थी तिसाच्या आसपास असतात. अभ्यासाबरोबर प्रत्येकाने आठवड्याला सुमारे २० तास श्रम करायचे, गुरे सांभाळायची, शेती आणि स्वयंपाक पाहायचा. शिवाय नव्या विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची निवड करणाऱ्या समित्यांतही विद्यार्थीच बसतात. (पहाटे धार काढायला न उठणारा इथे फार दिवस लपून राहू शकत नसावा.) विद्यार्थी तीनशे झाले तर ही व्यवस्था कोलमडेल, म्हणजे इथे लहान आकार ही शिक्षणाची अटच आहे. पुष्कळ महाविद्यालये मात्र केवळ वाढता आले नाही म्हणून लहान राहिलेली असतात, आणि जाहिरातीत दोन्ही सारखीच दिसतात.

आकड्यांबाबतही सावध राहिले पाहिजे. ‘आमच्या वर्गात सरासरी वीसच विद्यार्थी’ हे विधान अचूक असूनही दिशाभूल करू शकते. समजा, दहा वर्ग आहेत. नऊ वर्गांत प्रत्येकी १० आणि दहाव्यात ११० विद्यार्थी बसतात. एकूण २०० जागा, दहा वर्ग, सरासरी २०. पण या २०० पैकी ११० जागा, म्हणजे निम्म्याहून अधिक, त्या एका गर्दीच्या वर्गातल्या आहेत, आणि प्रत्येक जागेवरच्या विद्यार्थ्याला त्याच्या वर्गाची संख्या विचारून सरासरी काढली तर ती ६५ येते. म्हणून सरासरीऐवजी पहिल्या वर्षाचा सर्वांत मोठा वर्ग किती जणांचा, हे विचारावे. शिक्षक-विद्यार्थी गुणोत्तराचेही तसेच: दीर्घ रजेवरचे किंवा प्रशासनात गुंतलेले प्राध्यापक त्यात मोजले आहेत का, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

लहान महाविद्यालयाची उणी बाजू जाहिरातीत येत नाही, ती इथे सांगणे भाग आहे. विभागात दोनच प्राध्यापक असतील आणि त्यांतील एक निघून गेला, तर अर्धा विषयच जातो. महागडी उपकरणे आणि ऐच्छिक विषयांची रेलचेल मोठ्या विद्यापीठांनाच परवडते. आणि एखाद्या शिक्षकाशी पटले नाही तर त्याला टाळून पदवी पूर्ण करणे अवघड होते. ज्याला कोणता विषय घ्यावा हे ठरवायचे आहे आणि अनेक वाटा चाचपून पाहायच्या आहेत, त्याने या मर्यादेचा गांभीर्याने विचार करावा. उलट, ज्याला एखादी पद्धत मनापासून पटली आहे, त्याला तिथली सक्ती जाचक वाटण्याचा संभव कमी.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. प्रवेशविषयक पुरवणीत महाविद्यालयांची माहिती छापताना इमारत आणि वसतिगृह यांच्याबरोबर तीन रकाने वाढवावेत: सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचे काय आहे, कोणते विषय शिकवले जात नाहीत, आणि गेल्या पाच वर्षांत शिक्षकाअभावी कोणते अभ्यासक्रम बंद ठेवावे लागले. ज्या संस्था हे रकाने कोरे सोडतील, त्यांची नावे कोऱ्या रकान्यांसह छापावीत.

आपला,
एक नियमित वाचक